पॉवर वाढवली आणि रिपीटर बहिरा झाला

आमच्या हॅम रेडिओ क्लबचा टू मीटर बँडचा रिपीटर (कमजोर सिग्नल ऐकून त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात परत पाठवणारं यंत्र) डोंगरावरच्या खोलीत १० वॅटवर निमूट चालला होता. माझ्याकडे त्याची जबाबदारी आली आणि दोन महिन्यांत मी त्याची पार वाट लावली. नवा हॅम परवाना हातात पडलेली मुलं हल्ली म्हणतात, "दादा, आम्हालाही रिपीटरच्या कामात घ्या." घेतो, पण आधी हे वाचा.

ऑफसेट (बोलण्या-ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर), टोन (रिपीटर उघडणारा ठरलेला सूर), टाइमआउट (फार लांबलेलं बोलणं तोडणारी वेळ) तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. रिपीटरला डब्ल्यूपीसीची, म्हणजे वायरलेस परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाची, वेगळी परवानगी लागते. आपल्या नावावरच्या परवान्यावर 'तोपर्यंत चालवून बघू' असा विचार असेल तर इथेच थांबा.

मी केलेलं अपग्रेड असं: जुने सेट काढून ४० वॅटचा चांगला रिपीटर बसवला. डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर), अँटेना, वर जाणारी जाड केबल सगळं तेच ठेवलं. फक्त डुप्लेक्सरपासून लाइटनिंग अरेस्टरपर्यंतचा (विजेपासून वाचवणारा) मीटरभराचा जंपर, म्हणजे जोडकेबल, कळकट दिसत होता, म्हणून पुण्यात पसोड्या विठोबाजवळून नवीकोरी लो-लॉस (कमी सिग्नल वाया घालवणारी) केबल आणून तो बदलला. त्या संध्याकाळी नुसतं कौतुक. फाइव्ह-नाइन, वर प्लस, म्हणजे सिग्नल एकदम झकास! मी उतरलो तो तरंगतच.

दुसऱ्या दिवसापासून लांबच्या गावांतले हँडसेटवाले गायब. त्यांना रिपीटर खणखणीत ऐकू यायचा, पण त्यांचा आवाज आत पोचत नव्हता. पोचलाच तर रिपीटर तोतरा व्हायचा: उघडला, बंद, उघडला, बंद. मी काय केलं? दोन महिने लोकांनाच दोष दिला. तुमचा स्वस्तातला हँडसेट, तुमची रबरी अँटेना, तुमचा टोन चुकलाय. एका आजोबांना तर मी टोन तीनदा तपासायला लावला. त्याची आजही लाज वाटते.

आता जरा सावकाश वाचा, कारण मी नेमका इथेच बुडालो. आपला रिपीटर एकाच अँटेनावर बोलतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ खाली ऐकतो. बोलतो ४० वॅटने, ऐकायचा असतो मायक्रोव्होल्टचा चौथा हिस्सा. दोहोंत १६० डीबीहून (डेसिबल) जास्त अंतर. ढोलपथकाच्या मधोमध उभं राहून पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकण्यासारखं आहे ते. डुप्लेक्सरची ती अर्ध्या मीटरची नळकांडी ढोल अडवतात, पण डुप्लेक्सरच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला जो गोंगाट जन्मतो त्याला अडवणारं कुणी नसतं. तो ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवर पडला की उलटा सरळ रिसीव्हरमध्ये शिरतो. माझ्या नव्या केबलमध्ये ॲल्युमिनियमचं फॉइल आणि त्यावर कथलाचा मुलामा दिलेली तांब्याची जाळी होती. दोन वेगळे धातू, नुसते एकमेकांना टेकलेले. ४० वॅट वाहताना ते टेकणं जरा कमीजास्त झालं की चरचर निर्माण होते. घरच्या अँटेनाला ही केबल उत्तम, कारण घरी आपण बोलताना ऐकत नाही. रिपीटरला नको म्हणजे नको.

म्हणून तोतरेपणा. कमजोर सिग्नल येतो, ट्रान्समीटर चालू होतो, त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं दार) मिटतो, ट्रान्समीटर बंद पडतो, सिग्नल पुन्हा दिसतो. याला म्हणतात डिसेन्स. आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप? या सगळ्या काळात १.२, म्हणजे उत्तम! एका सीनियरनी फोनवर सांगितलं होतं, "एसडब्ल्यूआर ठीक आहे ना, मग सोड." फोनवरून रिपीटर दुरुस्त करणाऱ्या गुरूंपासून लांब राहा, हे माझं स्पष्ट मत.

सुटका केली एका निवृत्त वायरलेस तंत्रज्ञ काकांनी. सत्तरीचे, पण डोंगर चढून आले. मला दरीच्या टोकाला पाठवलं, हँडसेट लो पॉवरवर, आवाज खरखरीत बुडेपर्यंत मागे सरकायला लावलं. स्वतः रिसीव्हरच्या स्पीकरला कान लावून बसले आणि ट्रान्समीटर हाताने चालू-बंद करत राहिले. चालू केला की मी नाहीसा, बंद केला की हजर. मग जंपर काढून डुप्लेक्सरलाच डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा) लावला आणि आवाज पुन्हा खरखरीत ऐकू येईल इतकं मला जवळ बोलावलं, तर ट्रान्समीटर चालू असतानाही मी तसाच हजर! म्हणजे डुप्लेक्सर निर्दोष, दोष त्याच्या पुढे. परत जंपर आणि अँटेना जोडली आणि ट्रान्समीटर चालू असताना त्यांनी तो जंपर दोन बोटांनी नुसता हलवला. स्पीकरमधून पापड मोडल्यासारखा आवाज आला. काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

दुहेरी जाळीची, चांदीचा मुलामा असलेली आरजी-२१४ केबल लावली आणि गावं परत आली. लो-लॉसच्या नादात त्या मीटरभरात मी डीबीचा दहावा भागही वाचवला नव्हता.

घाबरू नका, हे डोकं लावून सुटणारं काम आहे. माझं अख्ख्या प्रकरणात जळालं काहीच नाही. फक्त नॅनोव्हीएनए (अँटेना-फिल्टर मोजायचं छोटं स्वस्त यंत्र) घेऊन डुप्लेक्सरचे स्क्रू पिळू नका. साधारण ७० डीबीच्या खाली त्याला स्वतःचाच गोंगाट दिसतो, खरी नॉच (नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारा खड्डा) त्याहून खोल असते. मी पिळणारच होतो, स्पॅनर खाली विसरलो म्हणून वाचलो.

बाकी कामं हमालीची. पावसाआधी कनेक्टरवरची टेप बदलायची, वळवाआधी अर्थिंग बघायचं, सप्लायच्या डब्यातली पाल काढायची. बॅटरी नवी घ्यायची आहे, शेवटचा चढ पायी आहे आणि ती उचलायला सध्या आम्ही दोघंच आहोत. काका येतो म्हणतात, पण त्यांना मी फक्त स्पीकरजवळ बसवणार आहे.