बस लेनमध्ये बाईक घालायची का? पुण्या-सुरतला गाडी नेणाऱ्या खान्देशी पोरांसाठी

जून लागला की आपल्याकडची पोरं निघतात. जळगाव, अमळनेर, धुळे, शहादा, कुठून कुठून. कोणी पुण्याला कंपनीत, कोणी सुरतला उधना-लिंबायतमधल्या मामाकडे, आणि आठ-पंधरा दिवसांत घरची बाईक मागोमाग पोचते. एमएच १९, एमएच १८, एमएच ३९. आता आपल्याकडे बस लेन, म्हणजे बससाठी राखून ठेवलेली लेन, हा प्रकारच नाही. आपली लालपरी, केळीचा ट्रक, कापसाचा ट्रॅक्टर आणि आपण, सगळे एकाच डांबरावर. म्हणून तिकडे गेल्यावर ट्रॅफिक तुंबलंय आणि बाजूला एक अख्खी लेन रिकामी पडलीय असं दिसलं की हात शिवशिवतात भो, खोटं कशाला बोलू.

मीही घातली होती. दापोडी-निगडी रोडला, पुण्यात नवीनच होतो, पुढे एक बाईकवाला बीआरटीच्या, म्हणजे जलद बससेवेसाठी कठडा घालून वेगळ्या केलेल्या, लेनमध्ये शिरला म्हणून त्याच्या मागे मी पण शिरलो, दोनशे मीटर गेलो तर मागून बस आली आणि हॉर्नवर हॉर्न, दोन्ही बाजूंना कठडा, बाहेर निघायला जागाच नाही, आणि पुढे बसथांब्यापाशी एक बाई पोराचं बोट धरून लेन ओलांडत होती. ब्रेक लागला म्हणून वाचलो. ती बाई बस कुठून येते तेवढंच बघत होती, माझ्याकडे बघायचं तिला काही कारणच नव्हतं. पुढच्या चौकात पावती फाटली ती वेगळी.

तर पहिली गोष्ट, आत शिरायच्या आधी पाटी वाचा. पुणे, पिंपरी-चिंचवड, सुरत, अहमदाबाद इथल्या बीआरटी लेनमध्ये बाईकला परवानगी नाही, विषय संपला. "सगळेच जातात" हे पोलिसाला सांगून बघा, तो पण हसतो. पाटीवर बाईकचं चित्र नसेल तर आपल्यासाठी ती लेन नाहीच असं धरून चाला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात तर 'बस लेन' अशी पाटी असेल तर बाईक चालते आणि 'फक्त बस' असं लिहिलेलं असेल तर नाही चालत, एका शब्दावर दंड ठरतो.

पण म्हणून बाईकला बस लेन खुली करा ही मागणी येडेपणाची आहे असं नाही. लंडनमध्ये जानेवारी २००९ पासून मोठ्या रस्त्यांवरच्या बऱ्याचशा बस लेन बाईकसाठी उघडल्या, आधी १८ महिन्यांची ट्रायल म्हणून. विचार असा की कारच्या दोन रांगांमधून बाईक घुसवत नेण्यापेक्षा बाजूची मोकळी लेन बरी, आरशाला आरसा लागत नाही, अचानक उघडलेल्या दारावर आदळायची भीती कमी. पहिल्या ट्रायलमध्ये मात्र बाईकवाल्यांच्या धडकांचं प्रमाण वाढलं. मग दुसरी ट्रायल घेतली, तेव्हा स्पीडवर पोलिसांचं लक्ष ठेवलं, बाईकवाल्यांना आणि कारवाल्यांना समजावलं, आणि २०१२ पासून नियम कायम केला. मला यातून जे दिसतं ते साधं आहे. लेन तीच, बस त्याच, फरक स्पीडचा आणि समोरच्याला आपण तिथे असणार हे माहीत असण्याचा.

आणि तिकडची लेन नि आपली लेन यात मोठा फरक आहे, तो लोक विसरतात. लंडनची बस लेन रस्त्याच्या डाव्या कडेला, फुटपाथला लागून, नुसता पट्टा मारलेला, वेळ आली तर बाजूला सरकता येतं. आपली बीआरटी बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या मधोमध, कठड्यात बंद, आणि बसथांबाही मधेच, म्हणजे प्रत्येक पॅसेंजरला रस्ता ओलांडूनच थांब्यावर यावं लागतं. त्यात ताशी ६० ने बाईक सोडली तर? बस मोठी, लांबून दिसते, आवाज येतो. बाईक बसच्या मागे असेल तर ओलांडणाऱ्याला दिसतच नाही, बस गेली की तो पाऊल टाकतो आणि आपण समोर. म्हणून उद्या कोणी आपल्या बीआरटीत बाईक सोडा म्हणालं तर माझं मत नाही. कडेची लेन असेल, आणि स्पीड ४० वर बांधली असेल, तर विचार करायला हरकत नाही.

समजा कुठे परवानगी असलेली कडेची लेन मिळाली, तर चालवायची कशी. ४० च्या वर जाऊ नका. हिशोब करून बघा, ६० ला गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, म्हणजे डोळ्याने बघून बोट ब्रेकवर जाईपर्यंत १७ मीटर गेले, मग कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने अजून वीसेक. ४० ला तोच हिशोब ११ आणि ९ असा, म्हणजे जवळपास निम्म्यात थांबता. दुसरं, डावीकडे वळणारी कार. लेन कडेला असली की गल्लीत, पंपावर वळणारा प्रत्येक कारवाला तुमच्यासमोरून आडवा जाणार, तो आरशात बघतो तेव्हा बस शोधतो, बाईक नाही. बाजूच्या रांगेत दोन कारमध्ये अचानक फट पडलेली दिसली की समजायचं कोणीतरी तिथून आडवं येतंय, ॲक्सिलेटर सोडायचा. आणि थांब्यावर उभ्या बसच्या डावीकडून कधीच नाही. कधीच नाही म्हणजे नाही, दार तिकडेच आहे.

आता ही सगळी सवय पुण्यात जाऊन लागत नसते, ती इथेच लावायची, एसटीच्या मागे. "हात दाखवा, एसटी थांबवा" वर आपण मोठे झालो, म्हणजे लालपरी कुठेही थांबू शकते हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत. तरी जळगावात आकाशवाणी चौक ते अजिंठा चौफुली या पट्ट्यात पोरं कशी चालवतात बघा, बस डावीकडे दाबायला लागली की हे तिच्या आणि कडेच्या मधल्या फटीत घुसतात. बस वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून कापतं, अकरा-बारा मीटरचं धूड आहे ते, तुम्ही त्या आतल्या कोपऱ्यात असाल तर ड्रायव्हरला दिसणारही नाही. सोपा नियम, तुम्हाला ड्रायव्हरचं तोंड त्याच्या आरशात दिसत नसेल तर त्याला तुम्ही दिसत नाही. एवढं एक पाठ केलं तरी बरंच झालं.

ओव्हरटेकचंही सांगतो, कारण जिथे रस्ता अजून दोनच पदरी आहे, चोपडा-यावल-रावेरकडे वगैरे, तिथे खरी गडबड तीच होते. बस ५० ने चाललीय, तुम्ही ६० ने. मागे १५ मीटर, बसचे १२, पुढे जाऊन सुरक्षित आत यायला अजून १५. फरक फक्त १० चा, म्हणजे १५ सेकंद तुम्ही समोरच्याच्या बाजूला आहात आणि तेवढ्यात पाव किलोमीटर गेलात. समोरून येणाराही ६० ने असेल तर त्याचा पाव किलोमीटर. म्हणजे अर्धा किलोमीटर रस्ता साफ दिसायला पाहिजे, केळीच्या बागा दोन्ही बाजूंना असताना वळणावर कुठला दिसतो. नाही दिसला तर मागे राहा, पुढच्या गावात बस थांबणारच आहे. फक्त थांबली की उजवीकडून हळू, कारण उतरलेला माणूस बसच्या समोरून पलीकडे पळतो, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

हेल्मेटचं लेक्चर देत नाही, आकडाच देतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची, शंभरात ४४ च्या वर. नीट घातलेलं हेल्मेट मरण्याचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागायचा धोका ६९ टक्क्यांनी कमी करतं असं बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून निघालंय. नीट घातलेलं म्हणजे पट्टा लावलेलं. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्रीत हेल्मेट घालणं म्हणजे डोकं भट्टीत, मान्य आहे, आतून ओला पातळ रुमाल बांधा, पण टाकीवर ठेवून फिरू नका. दंड हजार रुपये आणि लायसन तीन महिने जाऊ शकतं, कामाला बाईकवर जाणाऱ्याला लायसनच जास्त महाग पडतं. मागे बसणाऱ्यालाही तेच लागू, तो पाहुणा असला तरी.

ट्रिपल सीटचं काय बोलायचं, बस लेन असो की गल्ली, तिसऱ्या माणसाच्या वजनाने पुढचं चाक हलकं होतं आणि ब्रेकचं अंतर वाढतं, बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

आणि हो, गाडी रेल्वे पार्सलने किंवा ट्रॅव्हल्सने पाठवणार असाल तर पाठवायच्या आधी टाकी रिकामी करायला लावतात, आणि बरेचदा आरसे काढून ठेवतात, तुटू नयेत म्हणून. तिकडे उतरल्यावर पोरं पेट्रोल टाकून तशीच निघतात, आरसे महिनाभर पिशवीतच पडून. आधी ते बसवा, दोन्ही. पान्ना लागतो चौदाचा, कोणत्याही पंक्चरवाल्याकडे मिळतो.