अनुक्रमणिकेतील दुवे आणि पट्टीमागे दडणारे उपशीर्षक

आमच्या गृहनिर्माण संस्थेची नियमावली एकाच लांबलचक वेबपानावर असल्याने, अनुक्रमणिकेतील प्रत्येक दुवा थेट त्या-त्या नियमापाशी पोहोचावा यासाठी मी प्रत्येक उपशीर्षकाला स्वतंत्र आयडी (पानाच्या कोडमधील ओळखनाव) दिला आणि दुव्यात '#' या चिन्हापुढे तोच आयडी लिहिला. पान योग्य जागी सरकत होते. मात्र माथ्यावर कायम चिकटून राहणाऱ्या पट्टीमागे नेमके उपशीर्षकच दडे आणि वाचकाला आपण भलत्याच नियमावर आलो असे वाटे. उपशीर्षकाच्या वर एखादा रिकामा, अदृश्य घटक ठेवण्याची जुनी युक्ती मला ओबडधोबड वाटते. त्याऐवजी सीएसएस या वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील 'स्क्रोल-मार्जिन-टॉप' या गुणधर्माला पट्टीच्या उंचीहून किंचित जास्त मूल्य दिले आणि मजकुराच्या मांडणीत काहीही फरक न पडता उपशीर्षक पूर्ण दिसू लागले.

आयडीत मोकळी जागा चालत नाही, तसेच रोमन अक्षरांचा लहान-मोठा भेदही पाळावा लागतो. देवनागरी आयडी चालतो. परंतु दुवा कॉपी करताना त्यातील प्रत्येक अक्षरचिन्हाचे, मात्रा आणि वेलांट्याही धरून, अनेकदा टक्केचिन्हांसह 9 चिन्हांत रूपांतर होते आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा ओळखू येईनासा होतो. म्हणून मी आयडी रोमन लिपीतच ठेवले.