काजवे बघायला जाताय? मग या चुका टाळा

मे संपत आला, वळवाच्या एकदोन सरी पडून गेल्या की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागात काजवे दिसायला लागतात आणि पाऊस जोर धरला की दिसेनासे होतात. हाताशी जेमतेम दोनतीन आठवडे, आणि नेमकी तेव्हाच सगळी गर्दी तिथे जाऊन धडकते. दरवर्षी त्याच त्याच चुका बघून आता राहवत नाही म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे उजेड. काजवा चमकतो ते जोडीदार शोधायला, नर चमकून साद घालतो आणि मादी चमकून उत्तर देते, सगळं जुळणं याच्यावरच. पूर्ण वाढ झाल्यावर तो फार दिवस जगतही नाही, त्यामुळे एक रात्र फुकट जाणं त्याला परवडत नाही. मागे एकदा भंडारदऱ्याच्या बाजूला आम्ही काहीजण एका सादड्याच्या झाडापासून जरा लांब गप्प उभे होतो. झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका लयीत उजळायचं, विझायचं, परत उजळायचं. तेवढ्यात वळणावरून एका टूरवाल्याची गाडी आली, हेडलाइट अप्परला, आणि थेट झाडावर रोखून थांबली. लोकांना "नीट दिसावं" म्हणून! झाड जागच्या जागी विझलं. गाडीतली मंडळी उतरली, मोबाईलचे टॉर्च फिरवले, "कुठंय काय, काहीच नाही" म्हणत पाचेक मिनिटांत पुढच्या झाडाकडे गेली. त्यानंतर आम्ही कितीतरी वेळ थांबलो, इथे एक तिथे दोन असे काजवे चमकले पण ती लय काही परत आली नाही. सोबत गावातले एक काका होते, ते एवढंच म्हणाले, "रोज असंच चाललंय बघा."

माझी सवय सांगते. गाडी गावातच लावायची, पुढे चालत. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन पेपरचे दोनतीन थर, तोही फक्त पायाखाली मारायचा, झाडाजवळ पोचलं की बंद. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मधेच कुणी मोबाईलची स्क्रीन उघडली की परत पहिल्यापासून. ज्यांना एवढा वेळ थांबवत नाही त्यांनी खरंच येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जमलं तर अमावस्येच्या आसपासचा आणि सोमवार ते गुरुवारमधला दिवस धरा.

दुसरं म्हणजे फोटो. इन्स्टावर जे सोनेरी ठिपक्यांनी भरलेलं जंगल दिसतं ते बहुतेकदा ट्रायपॉडवर काढलेले लाँग एक्सपोजरचे, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून घेतलेले, कितीतरी फोटो एकावर एक चढवून बनवलेलं असतं. मोबाईलवर तसं येत नाही म्हणून लोक फ्लॅश मारतात, आणि फ्लॅशमध्ये काजवा दिसतच नाही, दिसतात फक्त पानं. नवीन येणाऱ्यांनी पहिल्या वर्षी फोन खिशातच ठेवावा.

झाडाच्या बुंध्यापर्यंत जाऊ नका. अंडी ओल्या मातीत असतात, अळ्याही तिथेच पालापाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात, म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे तुमच्या बुटाखाली असतात. बाटलीत पकडून मुलांना दाखवणं तर अजिबात नको. गाणी, स्पीकर नको. डासांचा स्प्रे तिथे उभं राहून मारू नका, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

आणि गाव. भंडारदऱ्याचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे गेटच्या वेळा आणि नियम असतात, रात्री साडेदहाला पोचून गार्डशी हुज्जत घालू नका. आजूबाजूच्या पाड्यांवर बरीच घरं महादेव कोळी लोकांची. जूनच्या तोंडाला त्यांची पेरणीची गडबड असते, पहाटे उठून शेतात जायचं असतं. अशा वेळी मध्यरात्री अंगणात गाड्या वळवणं, ओट्यावर झोपलेल्या माणसांचे फोटो काढणं, चुलीपाशी न विचारता घुसून रील बनवणं, हे तुमच्या घरी कुणी केलं तर चालेल का? जेवण हवं असेल तर किती माणसं ते आदल्या दिवशीच फोन करून सांगा, भाकरी-पिठलं जे असेल ते जेवा, आणि ऐनवेळी चारजण गळाले तरी त्यांचे पैसे द्या, कारण त्या घरातल्या बाईनं पीठ मळून भाकऱ्या थापून ठेवलेल्या असतात.