कार्डावरची अक्षरं सरकतात? प्रिंटरला शिव्या घालण्याआधी या चुका टाळा

जून उजाडला की वेंगुर्ल्यातल्या माझ्या दुकानात दाखल्यांच्या झेरॉक्ससाठी रांग लागते. त्या रांगेत एक तरी माणूस रबर लावलेला छोट्या कार्डांचा गठ्ठा घेऊन उभा असतो. वाचनालयाची कॅटलॉग कार्डं असतात, दवाखान्यातली पेशंटची कार्डं असतात, नाहीतर आंब्याच्या पेटीत घालायची नावा-पत्त्याची कार्डं. तक्रार एकच: "काका, प्रिंटर गेला. अक्षरं सरकतायत."

प्रिंटर गेलेला नसतो. इतकी वर्षं ए-फोर इमानाने छापणारं यंत्र कार्ड घातल्याबरोबर बिघडत नाही. आपण त्याला कार्डाचं माप काय सांगितलं आणि ते भरवलं कसं, घोळ तिथे असतो.

म्हणून आधी एक काम करा. साध्या कागदाचे कार्डाएवढे पाच तुकडे कापा आणि पाचांवर एकच चौकट छापा. पाचही एकावर एक ठेवून खिडकीशी उजेडात धरा. चौकटी एकमेकींवर बसल्या, पण सगळ्या सारख्याच सरकलेल्या असल्या, तर चूक सेटिंगमध्ये आहे. प्रत्येक चौकट वेगळीकडे पळाली असेल तर चूक कागदात, कागद आत ओढणाऱ्या रोलरमध्ये किंवा कागदाला दोन्हीकडून टेकणाऱ्या पट्ट्यांत आहे. या दोन रोगांना औषधं वेगळी. लोक हे न बघता आधी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून पुन्हा टाकतात, मग काट्रिज बदलतात, मग माझ्याकडे येतात.

"तीन बाय पाच" म्हणजे तीन बाय पाच नव्हे

ही माझी सर्वांत नावडती चूक. जवळच्या एका गावातल्या वाचनालयाचं काम होतं. वाचनालयाची तपासणी तोंडावर आलेली, पुस्तकांची यादी एक्सेलमध्ये तयार, लाल रेघा आखलेली कोरी कार्डं खोक्यात पडून. ग्रंथपाल ताईंचा भाचा कॉम्प्युटर शिकलेला. त्याने यादीतला मजकूर आपोआप एकेका कार्डावर भरणारं मेल मर्ज लावलं, कागदाचं माप ३ × ५ इंच टाकलं आणि प्रिंटर सुरू करून जेवायला गेला. परत आला तेव्हा तीनशे कार्डं छापून झाली होती.

प्रत्येक कार्डावर मजकूर डावीकडे सरकलेला. वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा, कार्डाच्या कडेला चिकटलेला, आणि लाल उभ्या रेघेपासून सुरू व्हायचं लेखकाचं नाव रेघेवर स्वार झालेलं. "ह्या काय झाला रे?" म्हणून ताईंनी विचारल्यावर भाच्याने आणखी एक घोळ घातला. 'फिट टू पेज' वर टिचकी मारली. आता मजकूर सरकलेलाही आणि बारीकही. लेझर प्रिंटर कडेला साधारण चार मिलिमीटर जागा छापतच नाही. 'फिट' म्हटलं की तो तेवढी जागा सोडून सगळं आत कोंबतो. ७६ मिमी उंचीच्या पानात मग ६८ उरतात, म्हणजे मजकुराचा दहावा हिस्सा गेला. पीडीएफमधून छापताना नेहमी 'ॲक्चुअल साइज', म्हणजे शंभर टक्के. बाकी काही नाही.

ताई गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या तेव्हा मी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. स्टीलची पट्टी काढली आणि कार्ड मोजलं. १२५ मिमी लांब, ७५ रुंद. वाचनालयाचं कॅटलॉग कार्ड साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं असतं. बोलताना सगळे त्याला तीन बाय पाच म्हणतात, पण इंचाचं खरं तीन बाय पाच म्हणजे ७६.२ × १२७ मिमी. लांबीत दोन मिलिमीटरचा फरक. कोऱ्या कार्डावर दोन मिलिमीटर कोण बघतो? पण आखलेल्या रेघा असल्या की तेच दोन मिलिमीटर डोळ्यांत खुपतात.

मजकूर डावीकडेच का सरकला, हेही समजून घ्या, म्हणजे पुन्हा विचारायला यावं लागणार नाही. कार्ड अरुंद बाजूने आत जातं. प्रिंटर मोजमाप आत शिरलेल्या टोकापासून करतो. ताईंच्या प्रिंटरमध्ये कार्डाची उजवी कड आधी जात होती, डावी शेवटी. प्रिंटरच्या लेखी पान १२७ लांब, कार्ड मात्र १२५ वरच संपतं. तो फरक सगळा शेवटच्या टोकाला, म्हणजे डाव्या कडेला साचतो. तुमच्याकडे कोणतं टोक आधी जातं ते बघायला पेन्सिलने कार्डावर बाण काढा आणि एक कार्ड छापा. अर्ध्या मिनिटाचं काम, पण ते करायला कुणाला वेळ नसतो.

मग माप ७५ × १२५ टाकायचं, संपलं? नाही ना. बऱ्याच जुन्या छोट्या लेझर प्रिंटरांची सर्वांत लहान कागदाची मर्यादाच ७६ × १२७ मिमी असते. त्याहून लहान आकडा टाकला की ड्रायव्हर तो घेत नाही, किंवा गुपचूप बदलून टाकतो. भाच्याने पुढे ७५ टाकून पाहिलं, नकार आला, आणि त्याने प्रिंटर 'जुनाट' ठरवला. मी काय केलं? पान ७६ × १२७ च ठेवलं आणि वर्डमध्ये डावीकडचा समास दोन मिलिमीटरनी वाढवला. दहा मिनिटांत मराठी कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३ आपल्या जागी आणि लेखकाचं नाव रेघेशी. खाली मधोमध कार्डं ओवायच्या दांडीसाठी भोक असतं, त्याच्या वरच मजकूर संपवायचा, एवढं मात्र ताईंनीच सांगितलं. ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

वाया गेलेली तीनशे कार्डं मी ठेवून घेतली. मागची बाजू कोरी आहे, उधारी लिहायला बरी.

वर्डमध्ये एक माप आणि प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ए-फोर, हाही याच चुकीचा भाऊ. दोन्हीकडे एकच माप हवं. विंडोजमध्ये 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' मध्ये जाऊन आपल्या मापाचा नवा फॉर्म एकदाच बनवून ठेवा.

चिकटपट्टी आणि लेझर

"कार्ड ए-फोरवर चिकटवा आणि छापा, एकदम सोपं" असा सल्ला देणारे भरपूर आहेत. त्यातला अर्धाच खरा आहे. इंकजेटवर चालतो. मी स्वतः आधी ए-फोरवर कार्डाएवढी चौकट छापतो, त्या चौकटीत कार्ड बसवतो, आत जाणाऱ्या कडेला कागदी मास्किंग टेप लावतो आणि तोच कागद पुन्हा घालतो.

लेझरमध्ये हे करू नका. लेझरच्या पोटात शाईची पूड वितळवून कागदावर बसवणारा फ्यूजर असतो. तो दोनशे अंशांच्या आसपास तापतो. एका दवाखान्यातल्या पोराने साध्या सेलोटेपने चार बाजूंनी कार्ड चिकटवून कागद आत सोडला. टेपचा गोंद पातळ झाला, कार्ड कागदावरून सुटलं आणि फ्यूजरच्या रोलरला गुंडाळलं. त्यात लाइट गेली. पोराने दार उघडून गरम कार्ड ओढलं आणि आतली पातळ फिल्म फाटली. यंत्र कुडाळला गेलं. पार्ट यायला किती दिवस लागले ते विचारू नका, तोवर दवाखान्यात कार्डं हाताने लिहीत होते. मी विचारलं, घाई कसली होती रे? म्हणाला, एकेक कार्ड घालायला कंटाळा येतो.

कंटाळा येतो हे मान्य. मग ए-फोर आकाराचा जाड कागद घ्या, त्यावर चार कार्डं मांडा आणि नंतर कटरने कापा. ७५ रुंदीची दोन शेजारी, १२५ लांबीची दोन खाली, आरामात बसतात. ए-फोर सहसा तिरका जात नाही. मला विचाराल तर शंभराच्या वर कार्डं असली आणि आखीव रेघांचा हट्ट नसला की हाच मार्ग. छापील रेघांचीच कार्डं हवी असतील, तर प्रिंटरच्या पुढच्या बाजूला सुटा कागद घालायची फट असते, तिच्यातून एकेक घालायचं. बसा चहा घेऊन.

आपल्याकडची हवा

घाटावरच्या माणसाला ही अडचण सांगून पटत नाही. जून ते सप्टेंबर इथे उघड्या शेल्फवर ठेवलेलं कार्ड ओल धरतं. दोन दिवसांत त्याची कड वळते आणि पट्ट्या कितीही घट्ट लावल्या तरी ते तिरकंच शिरतं. फ्यूजरमधून निघालं की ओल उडते आणि कार्ड किंचित आकसतं. म्हणून मागची बाजू छापली की ती पुढच्या बाजूशी जुळत नाही.

माझी कार्डं पापडाच्या डब्यात असतात, शब्दशः. आमच्या घरात पावसाळ्याचे सांडगे-पापड ज्या घट्ट झाकणाच्या डब्यांत राहतात, त्यातला एक मी दुकानात आणलाय. घरून बोलणी खाल्ली, पण कार्डं सपाट राहतात. लागतील तेवढीच बाहेर काढायची, पत्त्यांसारखी फुलवायची, मग घालायची. एक गृहस्थ कार्डं तव्यावर शेकून घेऊन आले होते. नको. ती उलट्या बाजूला वळतात.

बाकीच्या, पटपट

कार्ड रुंद बाजूने घालू नका. एक रोलर सोडतो तेव्हा दुसऱ्याने ते पकडलेलं नसतं, आणि कार्ड मध्येच अडकतं.

बाजूच्या पट्ट्या कार्डाला टेकलेल्या हव्यात, दाबलेल्या नकोत. दाबल्या की कार्ड मध्ये फुगतं.

कागद उचलणारा पिकअप रोलर गुळगुळीत होऊन चकाकत असेल तर प्रिंटर बंद करून पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसा. थिनर, पेट्रोल लावणाऱ्यांनी नवा रोलर आधीच मागवून ठेवावा.

पेपर टाइप 'प्लेन' ठेवून जाड कार्ड छापू नका, 'कार्डस्टॉक' निवडा. आणि चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा, आयव्हरी म्हणतात तो जाड कागद आणून "हे का जात नाही" विचारू नका. जुन्या छोट्या लेझरपैकी बऱ्याच १६३ ग्रॅमपर्यंतच घेतात.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांनी कागदाच्या जाडीचा खटका बघावा. तो साध्या पातळ कागदावरच राहिलेला असतो.

आणि सगळं एकदा जुळलं की आकडे लिहून ठेवा. ड्रायव्हर नव्याने टाकला की सेटिंग उडतं, आणि पुढच्या पावसाळ्यात कुणाला काही आठवत नाही. माझ्या प्रिंटरच्या झाकणाच्या आत एक कार्ड चिकटवलंय, त्यावर पेन्सिलने लिहिलंय: पान ७६ × १२७, डावीकडे २ जास्त, शंभर टक्के, कार्डस्टॉक, उजवी कड आधी, डबा बंद कर.