सहीच्या आधी: रेल्वेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

स्टेशन मास्तर म्हणून नोकरीला लागून मला चौदा महिने झाले होते. नागपूरहून तासाभरावरचं एक लहान स्टेशन, रात्रपाळी, जुलैचा पाऊस. पॅनलवर, म्हणजे सिग्नल आणि पॉइंट चालवायच्या तक्त्यावर, एका पॉइंटचं (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याचं) इंडिकेशन लुकलुकायला लागलं. सिग्नल मेंटेनर भिजत आला. नियम असा, की त्याने डिसकनेक्शनचा (पॉइंट दुरुस्तीसाठी बंद करत असल्याचा) मेमो द्यायचा, मी वेळ टाकून, सही करून तो स्वीकारायचा, आणि त्यानंतरच त्याने मशीनचं झाकण उघडायचं. हा फॉर्म टी-३५१ या नावाने तुम्हाला रोज भेटणार आहे. पण मागच्या स्टेशनावरून पॅसेंजर सुटली होती, गाडी माझ्यामुळे खोळंबेल ही भीती मनात होती. मी म्हटलं, "तू सुरू कर, मेमो मागाहून करू."

पाच-सात मिनिटांनी लुकलुकणं थांबलं. पॅनलवर सगळं जागच्या जागी दिसत होतं. सिग्नल द्यायला मी हात पुढे केला, तेवढ्यात पॉइंटवर कंदील घेऊन उभ्या असलेल्या आमच्या पॉइंट्समन काकांचा वॉकीटॉकीवर आवाज आला, "साहेब, थांबा जी. याचा हात अजून मशीनमंधीच हाय. कागद झाला काय?"

कागद झाला नव्हता. गाडी होम सिग्नलबाहेर, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीच्या सिग्नलपाशी, उभी राहिली, मग पॉइंटला क्लॅम्प आणि कुलूप लावून, लेखी अधिकारपत्र देऊन ती आत घेतली. कोणाला काही झालं नाही. पहाटे मी डायरीत जसं घडलं तसं लिहिलं. चौकशी झाली, एक वेतनवाढ थांबली, आणि मला परत प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. तिथल्या संध्याकाळी मी रेल्वे अधिनियम, १९८९ पहिल्यांदा सलग वाचला. तोवर त्यातली कलमं मी परीक्षेपुरती पाठ केली होती.

कलम १७५ वाचताना त्या रात्रीचा घाम परत फुटला. कामावर असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याने नियम मोडून, आदेश न पाळून, किंवा बेपर्वाईच्या वा हयगयीच्या कृतीने कोणाची सुरक्षितता धोक्यात आणली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नीट वाचा: 'धोक्यात आणली'. अपघात व्हावाच लागतो असं नाही. आणि कृतीइतकंच 'न केलेली कृती'ही त्यात येते. न घेतलेला मेमो ही न केलेली कृतीच.

आता मी नव्या स्टेशन मास्तरांना आणि पॉइंट्समनना हेच समजावण्याचं काम करतो. दर तुकडीत कोणीतरी विचारतं, "सर, परीक्षेला कोणतं कलम येतं?" मी त्यांना आधी एक शब्द नीट करायला लावतो. रेल्वेत सुरक्षा म्हणजे आरपीएफचं (रेल्वे सुरक्षा दलाचं) काम, चोरीमारीपासून राखण. गाडी सुखरूप चालवणं याला आमच्याकडे संरक्षा म्हणतात. वर्तमानपत्रं दोन्हींना सुरक्षा म्हणतात, त्यामुळे घरच्यांना तुमचं काम समजावताना थोडा त्रास होईल.

कायदा सगळं ओझं तुमच्या डोक्यावर ठेवतो असं मात्र समजू नका. गाडी चालवणाऱ्या संस्थेवर, कायद्याच्या भाषेत 'रेल्वे प्रशासना'वर, त्याची स्वतंत्र बंधनं आहेत. नवा मार्ग केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय प्रवाशांसाठी उघडता येत नाही, हे कलम २१. ती मंजुरी देण्याआधी रेल्वे संरक्षा आयुक्ताने रूळ, पुलांची ताकद, सिग्नल, डब्यांची मापं हे सगळं तपासून अहवाल द्यायचा, हे कलम २२. हा आयुक्त रेल्वे बोर्डाचा माणूस नसतो. १९४१ मध्येच ही तपासणी बोर्डाच्या हाताखालून काढली गेली, आणि आज हा आयुक्तांचा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहे. गाडी चालवणाऱ्यानेच स्वतःच्या चालवण्याला दाखला देऊ नये, एवढी साधी ही गोष्ट आहे. मला ती आपल्या रेल्वे कायद्यातली सर्वांत शहाणी व्यवस्था वाटते.

दुसरं बंधन तुमच्या झोपेचं आहे, आणि नवी मुलं नेमकं तेच वाचत नाहीत. कलम १३२ प्रमाणे 'सतत' वर्गातल्या कामाला दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ५४ तास, 'अतितीव्र' वर्गाला ४५, आणि ज्याच्या कामात मूळचाच बराच वेळ रिकामा जातो त्याला ७५. कलम १३३ प्रमाणे पहिल्या दोन वर्गांना आठवड्यातून सलग ३० तासांची विश्रांती. अपघात किंवा तशाच अडचणीच्या वेळी प्रशासन तात्पुरती सूट घेऊ शकतं, पण जादा तासांचे पैसे किमान दुप्पट दराने द्यावे लागतात. आपलं रोस्टर कोणत्या वर्गात बसवलंय हे रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात विचारून घ्या. मी दोन वर्षं विचारलं नव्हतं. लग्नसराईत कोणी रजेवर गेला की सलग दुसरी पाळी करणं हा मला मोठेपणा वाटायचा. थकलेला स्टेशन मास्तर पॅनलसमोर बसवणं हा त्या माणसाचा मोठेपणा नसतो, ती यंत्रणेतली त्रुटी असते, आणि ती लेखी कळवायची असते.

संस्था आणि माणूस यांच्यातली ही वाटणी समजावताना मी एक परदेशी दाखला देतो. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये ९ नोव्हेंबर २०१६ रोजी ताशी २० किलोमीटरच्या वळणावर एक ट्राम ७३च्या वेगाने शिरली आणि उलटली. सात प्रवासी गेले. चालकावर खटला झाला, २०२३ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी लंडनच्या वाहतूक संस्थेला एक कोटी पौंड आणि ट्राम चालवणाऱ्या कंपनीला चाळीस लाख पौंड दंड झाला. दोघांनीही गुन्हा कबूल केला होता. तिथला १९७४चा कामावरच्या आरोग्य व सुरक्षिततेचा कायदा मालकाला सांगतो, की वाजवीपणे शक्य आहे तितकी सुरक्षितता तू राखलीच पाहिजे, लोकांची आणि कामगारांचीही. आपल्याकडे प्रशासनाची कर्तव्यं कलमाकलमांत विखुरलेली आहेत, ती गोळा करून वाचावी लागतात. म्हणूनच तुम्हाला सुट्या कलमांऐवजी अख्खा कायदा वाचायला सांगतोय.

ट्रामचा विषय निघाला तर परीक्षेतला एक हमखास फसवा प्रश्न सांगून टाकतो. १९८९च्या कायद्यात 'रेल्वे'ची व्याख्या कलम २ मध्ये आहे, आणि पूर्णपणे नगरपालिका हद्दीत असलेली ट्राम त्यातून वगळली आहे. जत्रेतली, प्रदर्शनातली, बागेतली केवळ करमणुकीची छोटी गाडीसुद्धा वगळली आहे. ट्रामसाठी १८८६चा वेगळा कायदा होता, आणि देशात ट्राम म्हटलं की आता कोलकाताच.

नागपूरकरांना ही हद्दींची गोष्ट डोळ्यांनी बघता येते. कामठी रोडवर गड्डीगोदामला जा. खाली रस्ता, त्यावरून रेल्वेचे रूळ, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. चार मजले. रेल्वेला १९८९चा कायदा, मेट्रोला २००२चा मेट्रो रेल्वे चालन व देखभालीचा कायदा. तो आधी दिल्लीपुरता होता, २००९च्या दुरुस्तीनंतर इतर महानगरांना लागू होण्याची वाट मोकळी झाली. मेट्रोचा संरक्षा आयुक्तही वेगळा. आपल्या मेट्रोची नियमित सेवा मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, ती अशी तपासणी होऊनच. मेट्रोत जायची इच्छा असलेल्यांनी तो कायदा स्वतंत्र वाचावा, पुष्कळ कलमं ओळखीची वाटतात म्हणून गृहीत धरू नये.

अपघाताच्या कलमांकडे येतो, कारण तिथे स्टेशन मास्तराचं नाव थेट कायद्यात आहे. कलम ११३: जीवितहानी, गंभीर दुखापत, प्रवासी गाडीची टक्कर, प्रवासी गाडी रुळावरून घसरणं, असं काही घडलं की सर्वांत जवळच्या स्टेशन मास्तराने विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि त्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. राज्य सरकारला आणि आयुक्ताला कळवणं हे प्रशासनाचं काम, पण पहिला निरोप तुमचा. आता विचार करा, तुमची नेमणूक इटारसी मार्गावर काटोलच्या पुढे झाली. नरखेड आणि पांढुर्णा यांच्या मध्ये राज्याची हद्द आहे. कोणत्या किलोमीटरपासून दुसरा जिल्हा, दुसरे पोलीस, हे रात्री तीन वाजता शोधत बसणार का? मी माझ्या दोन्ही बाजूंच्या सेक्शनची किलोमीटरवार ठाण्यांची यादी पुठ्ठ्यावर चिकटवून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. बदली झाली तेव्हा ती तिथेच ठेवून आलो.

प्रवासी गाडीच्या मोठ्या अपघातात कलम ११४ प्रमाणे आयुक्त चौकशी करतो. लोकांनाही साक्षीसाठी बोलावलं जातं. नव्या माणसाला तिथे बोलायची भीती वाटते, आणि जुने लोक कानात सांगतात, "मोघम बोल." हे ऐकू नका. कलम ११७ प्रमाणे आयुक्तापुढे, त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून किंवा विषयाला धरून दिलेलं विधान तुमच्याविरुद्ध दिवाणी वा फौजदारी कारवाईत वापरता येत नाही. खोटी साक्ष दिली तर मात्र तेच तुम्हाला भोवतं. खरं कारण कळावं म्हणून कायद्याने हा दरवाजा मुद्दाम ठेवला आहे. २ जून २०२३ला ओडिशात बाहानगा बाजार इथे कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनवर (मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळावर) शिरून मालगाडीवर आदळली. सिग्नलच्या सर्किटमध्ये आधी केलेल्या बदलांत त्रुटी होत्या, हे आयुक्ताच्या चौकशीत बाहेर आलं. ते वाचलं त्या दिवशी मला माझी ती जुलैची रात्र आठवली, आणि बराच वेळ हातातला चहा तसाच राहिला.

कायद्याच्या खाली सामान्य नियम, १९७६ येतात, आणि त्यांना जोडून प्रत्येक झोनचे सहायक नियम. दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा. कामाच्या आधीच्या आठ तासांत दारू घ्यायची नाही, हे तिथे आहे. माझा आवडता नियम २.११. सिग्नल बिघडलेला, रुळावर अडथळा, गाडीत काही वावगं, असं कुठल्याही कर्मचाऱ्याला दिसलं तर अपघात टाळायला त्याने ताबडतोब पाऊल उचलायचं. खाते कोणतं, हुद्दा कोणता, हा प्रश्नच नाही. एकच अपवाद: गाडी तुटून दोन भाग झाले असतील तर लाल हात-सिग्नल दाखवायचा नाही. पुढचा भाग थांबला तर मागचा येऊन आदळेल. तेव्हा ओरडून, हातवारे करून चालकाचं किंवा गार्डचं लक्ष वेधायचं. नियमाच्या पुस्तकात 'ओरडा' असं लिहिलेलं पाहून मुलांना नवल वाटतं. ज्याने हा नियम लिहिला त्याने रुळाशेजारी उभं राहून विचार केला होता, एवढं नक्की.

काकांनी त्या रात्री केलं ते २.११ प्रमाणेच होतं. त्यांना आकडा माहीत नव्हता, कर्तव्य माहीत होतं.

यानंतर तुमच्या स्टेशनाचे स्टेशन वर्किंग रूल्स. अॅश्युरन्स रजिस्टरमध्ये 'वाचलं, समजलं' अशी सही करून मगच तुम्ही एकट्याने चार्ज घेणार. ही सही लोक उभ्या-उभ्या करतात. तुम्ही एक अख्खा दिवस मागून घ्या, नियम हातात घेऊन पॉइंटपर्यंत, फाटकापर्यंत, शेवटच्या सिग्नलपर्यंत चालत जा. मे महिन्यात असेल तर सकाळी सहाला निघा, डोक्याला दुपट्टा बांधा, पाण्याची बाटली घ्या. सोबत पॉइंट्समनला घ्या आणि कोणता पॉइंट पावसात त्रास देतो हे त्याला विचारा. परत आल्यावर, वेळ टाकून, सही करा.