पश्चात्ताप न करणाऱ्याशी कसं वागावं

मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) महिला संघात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "तो पापात आहे, त्याला ते कळतंय, तरी सोडत नाही. आता संबंध ठेवायचे की तोडायचे?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते, नाहीतर बहीण. तिला मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी हे पाहा की तो स्वतःला ख्रिस्ताचा म्हणवतो का. हा फरक बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ५व्या अध्यायात केला आहे. जगातल्या जारकर्मी, लोभी, मूर्तिपूजक लोकांना टाळायचं म्हटलं तर जगातूनच निघून जावं लागेल, असं तो लिहितो. बाहेरच्यांचा न्याय देवाकडे आहे. तेव्हा शेजारी, सहकारी, कधीच विश्वास कबूल न केलेला भाऊ, यांच्या बाबतीत मंडळीच्या शिस्तीचा प्रश्नच येत नाही. त्यांच्याबरोबर जेवा, त्यांच्या आजारपणात जा. जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करण्याचं वचन दिलं त्याआधीच येशूने त्याच्या घरी उतरायचं ठरवलं होतं. आणि पौलाच्या त्या यादीत लोभी, निंदा करणारे आणि लुबाडणारेही आहेत. आपल्याला मात्र यादीतला पहिलाच शब्द लक्षात राहतो, याचं मला फार वाईट वाटतं.

माणूस मंडळीतला असेल तर मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय उघडा. चुकणाऱ्या भावाशी कसं वागावं याच्या पायऱ्या येशूने तिथे सांगितल्या आहेत. पहिली पायरी एकांताची. त्याच्याशी बोलण्याआधी 'प्रार्थनेचा विषय' म्हणून चौघींना सांगितलंत, तर ती चहाडी झाली. इ.स. ३९० मध्ये रोमन सम्राट थिओडोसिअसच्या हुकुमाने थेस्सलनीका शहरात कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अ‍ॅम्ब्रोज याने त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, फक्त सम्राटानेच वाचावं म्हणून. पश्चात्ताप केल्याशिवाय प्रभुभोजन (मंडळीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) मिळणार नाही, हे त्याने त्यात स्पष्ट सांगितलं. सम्राटाला एकांतात सांगता येतं, तर दिराला का नाही?

जाल तेव्हा आधी विचारा, "मी ऐकलं ते खरं आहे का?" मग ऐका. एकाच गोष्टीबद्दल बोला, जुनी सगळी खाती उघडू नका. त्याने ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्या, पण त्याच्यावर माया असणाऱ्यांनाच. मंडळीपुढे जाणं त्यानंतर.

मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असेल तर मात्र पीडितेवर ही एकांताची पायरी लादू नका. तिला आधी सुरक्षित जागी न्या, पोलिसांकडे जायला सोबत करा. 'क्षमा कर' म्हणून तिला परत त्या घरात पाठवणारा पाळक देवाचं काम करत नाही.

शेवटची पायरी: त्याला परराष्ट्रीय (यहुदी नसलेला) किंवा जकातदारासारखा (लोक ज्याला तुच्छ मानत त्या कर वसूल करणाऱ्यासारखा) समजा. इथे लोक दार लावून घेतात. पण हे वचन ज्या शुभवर्तमानात आहे त्यातला मत्तय स्वतः जकातदार होता, आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसला. म्हणून माझ्या समजुतीप्रमाणे प्रभुभोजन आणि मंडळीतली जबाबदारी थांबते, माणूस म्हणून असलेलं नातं थांबत नाही. अशाबरोबर जेवूही नका, असं पौल म्हणतो, ते मी टाळत नाही. सगळं ठीक असल्यासारखी सहभागिता नको, असा मी त्याचा अर्थ घेते. तोच पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो की अशाला शत्रू मानू नका, बंधू समजून बोध करा.

आईसाठी मी मोनिकेचं, म्हणजे पुढे मोठा ख्रिस्ती शिक्षक झालेल्या ऑगस्टीनच्या आईचं, उदाहरण देते. ऑगस्टीन मानीच्या पंथात, म्हणजे मंडळीला मान्य नसलेल्या शिकवणीत, गेला तेव्हा तिने त्याला आपल्या मेजावर बसू देणं बंद केलं. पुढे एका स्वप्नाने तिला धीर आला आणि तिने त्याला पुन्हा जवळ घेतलं. त्याच्याशी वाद घाला, अशी विनंती तिने एका बिशपला केली, तर त्याने नकार दिला: त्याला राहू दे, तू फक्त प्रार्थना कर. ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला, म्हणजे पुष्कळ वर्षांनी.

रोजच्या वागण्यात, मत एकदा स्पष्ट सांगितलं की पुरे. माझा भाचा बायकोला सोडून दुसरीकडे राहतो. मला काय वाटतं ते त्याला माहीत आहे, मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे. आता फोनवर मी त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल विचारते आणि त्याच्या बायकोकडेही जाते, कारण त्याच्यावर माया करताना तिला एकटं पाडायचं नाही. व्यसनी माणसाने पैसे मागितले तर हातात रोख देऊ नका, औषधाचं बिल स्वतः भरा. तुमच्याकडून खोटं बोलवून घेऊ लागला तर नाही म्हणा.

आणि तो वळला तर उशीर लावू नका. बहुमताने दिलेली शिक्षा पुरे, आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असं पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात कळवतो. पैसे सांभाळण्याचं किंवा मुलांना शिकवण्याचं काम लगेच सोपवायचं नाही, मुलांना इजा केलेल्याला तर कधीच नाही. पण पहिल्या रविवारी त्याच्या शेजारी कोण बसणार, हे तो येण्याआधीच ठरवून ठेवा.