फाइल उघडण्यापूर्वीची तीन मिनिटे: संशोधक विद्यार्थ्यांसाठी सजगतेचा एक अनुभव

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाची फाइल मी सलग १९ दिवस उघडली नव्हती. त्या दिवसांत मी रिकामी बसले होते असे मुळीच नाही. संदर्भांची यादी नीट लावली, जुने आलेख पुन्हा काढले, प्रयोगशाळेतली इतरांची कामे अंगावर घेतली आणि रोज रात्री थकून झोपले. संशोधनाला नुकतीच सुरुवात करणाऱ्यांना मला सर्वप्रथम हेच सांगावेसे वाटते की ताण नेहमी रडू येण्याच्या किंवा छातीत धडधडण्याच्या रूपात येत नाही. पुष्कळदा तो अशा व्यग्रतेचे रूप घेऊन येतो, आणि व्यग्र माणसाला कोणी काही विचारत नसल्यामुळे तो ओळखायला फार उशीर होतो.

जो विषय मी स्वतः आवडीने निवडला होता, त्यावरचा शोधनिबंध समोर असताना डोळे ओळींवरून सरकत आणि पान संपल्यावर त्यातले काहीही आठवत नसे. व्यावसायिक थकव्याचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टिना मास्लाक यांनी या अवस्थेचे तीन पैलू सांगितले आहेत: शक्ती संपून जाणे, कामापासून मनाने दूर होणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे. माझ्या बाबतीत मधला पैलू आधी आला. काम करत होते, पण त्या कामात मी नव्हते.

हे केवळ माझ्याच वाट्याला आले असे मला तेव्हा वाटत होते, आणि तो गैरसमज मूळ त्रासाइतकाच जड होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात २६ देशांतील २,२७९ जणांनी, मुख्यतः पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी, उत्तरे दिली होती. त्यांपैकी ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची आणि ३९ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. अशा सर्वेक्षणाला उत्तर देण्यासाठी ज्यांना त्रास होतो तेच अधिक संख्येने पुढे येतात, हे लक्षात घेऊन ते आकडे वाचायला हवेत. तरीही २०१७ साली बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतातल्या ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या अभ्यासातही जवळपास एकतृतीयांश जणांना मानसिक विकाराचा धोका असल्याचे दिसले. कामाची घडणच तशी आहे. फळ वर्षानुवर्षे हाती येत नाही, आजचे काम संपले असे म्हणण्याची वेळ ठरलेली नसते, आणि पुढची वाट बरीचशी एकाच मार्गदर्शकाच्या मतावर अवलंबून असते.

समुपदेशकांनी मला आठ आठवड्यांचा सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, अभ्यासक्रम सुचवला. या प्रकारचा अभ्यासक्रम जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. दीर्घकालीन वेदनांनी त्रस्त आणि नेहमीच्या उपचारांनी पुरेसा आराम न मिळालेले रुग्ण त्यात प्रथम आले. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचे सत्र, घरी रोज पाऊण तास सराव आणि मध्ये एक पूर्ण दिवस मौन, असे त्याचे प्रचलित स्वरूप आहे. समोरच्या क्षणाकडे जाणीवपूर्वक आणि बरेवाईट न ठरवता लक्ष देणे, एवढाच त्याचा गाभा. ज्या पाली शब्दासाठी हा इंग्रजी शब्द योजला गेला तो ‘सति’, म्हणजे संस्कृतातील ‘स्मृती’, आणि मला तो मूळ शब्द अधिक जवळचा वाटतो. आपण या क्षणी काय करत आहोत याचे स्मरण राहणे, ही व्याख्या संशोधकाला लगेच पटण्यासारखी आहे, कारण दिवसाकाठी आपण विसरतो ते नेमके हेच.

पहिले तीन आठवडे मी हा सराव चुकीच्या पद्धतीने केला, आणि ती चूक हुशार विद्यार्थी हमखास करतात, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. मी किती मिनिटे बसले याची वहीत नोंद ठेवली, मन किती वेळा भटकले ते मोजले आणि भटकंती कमी झाली तर दिवस यशस्वी ठरवला. ज्या निवाड्यापासून सुटका हवी होती तोच निवाडा मी डोळे मिटून करत होते. शिकवणाऱ्या बाईंनी एकदा शांतपणे सांगितले, “मन भटकले हे तुमच्या लक्षात आले, तोच सराव. भटकलेच नाही तर परत आणणार कशाला?” त्या दिवसापासून मोजणे थांबवले. वेळही पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आणली, कारण पाऊण तास मला रोज जमत नव्हता आणि दहा मिनिटे जमत होती.

खरा बदल पाचव्या आठवड्यात झाला, आणि तो आसनावर नव्हे, संगणकासमोर झाला. फाइलवर क्लिक करण्यासाठी हात पुढे गेला, त्याच क्षणी बरगड्यांखाली काहीतरी आवळले, ‘हे दाखवण्यासारखे नाही’ हे वाक्य मनात उमटले आणि हात आपोआप ईमेलकडे वळला. हे सगळे दोन सेकंदांत घडले. गेले कित्येक दिवस ते रोज घडत असणार, पण मी ते प्रथमच पाहिले. तोवर मला वाटत होते की मी आळशी झाले आहे, किंवा विषय आता आवडेनासा झाला आहे. प्रत्यक्षात मी शरीरातल्या एका अप्रिय संवेदनेपासून पळत होते.

अभ्यासक्रमात शिकवलेला तीन मिनिटांचा श्वासाचा सराव मी तिथेच बसून केला. नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीतला हा भाग आहे. पहिल्या टप्प्यात मनात आणि शरीरात आत्ता काय चालले आहे ते फक्त नोंदवायचे, दुसऱ्यात सगळे लक्ष श्वासावर आणायचे आणि तिसऱ्यात ते पुन्हा संपूर्ण शरीरापर्यंत पसरू द्यायचे. आवळलेपण गेले नाही. ते असतानाच मी फाइल उघडली. प्रकरणात एक खरी अडचण होती: नियंत्रित गटाच्या नोंदी दोन टप्प्यांत वेगवेगळ्या पद्धतीने घेतल्या गेल्या होत्या, त्यामुळे तुलना सरळ करता येत नव्हती. ती दुरुस्त करायला चार दिवस लागले. १९ दिवस मी जिच्यापासून दूर राहिले ती भीती अस्पष्ट आणि अमर्याद होती. समोर आलेली अडचण मात्र मोजता येण्याजोगी होती.

विषयाची गोडी परत आली ती वाचनातून. शोधनिबंध वाचताना मन भटकल्याचे लक्षात आले की मी त्या ओळीशेजारी पेन्सिलीने एक टिंब देऊ लागले आणि पुन्हा वाचू लागले. दोन आठवड्यांनी पाहिले तर टिंबे विखुरलेली नव्हती. बहुतेक सगळी सांख्यिकी विश्लेषणाच्या परिच्छेदांशेजारी जमली होती. जिथे मला समजत नव्हते तिथूनच मन निघून जात होते, आणि ते कबूल न केल्यामुळे सगळा विषयच कंटाळवाणा वाटू लागला होता. मी सहकाऱ्याकडून ती पद्धत नीट शिकून घेतली. त्यानंतर जुनेच निबंध वाचताना मला प्रश्न पडू लागले, आणि प्रश्न पडणे हीच माझ्या दृष्टीने कामात मन परतल्याची खूण आहे.

मार्गदर्शकांबरोबरच्या बैठकीत मी दोन्ही पाय जमिनीवर टेकल्याची जाणीव ठेवते आणि उत्तर देण्याआधी त्यांचे वाक्य जसेच्या तसे वहीत लिहून घेते. ‘हा दावा पुराव्यापेक्षा मोठा आहे’ असे लिहिलेले वाक्य आणि ‘तुला संशोधन जमत नाही’ असे मी ऐकलेले वाक्य यांतले अंतर कागदावर स्पष्ट दिसते. परीक्षकांचे अभिप्रायही मी एकदा वाचून त्या दिवशी बाजूला ठेवते.

याचा उपयोग किती, याविषयी प्रामाणिक राहणे आवश्यक आहे. केंब्रिज विद्यापीठातील ६१६ विद्यार्थ्यांवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांच्या अशा अभ्यासक्रमामुळे परीक्षेच्या काळातील मानसिक त्रास कमी झाल्याचे दिसले. टास्मानिया विद्यापीठात पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवरच झालेल्या चाचणीत नैराश्य कमी झाले, तसेच आशा आणि स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास वाढला. मात्र २०१४ सालच्या, ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या अभ्यासाने ध्यानाचे परिणाम लहान ते मध्यम प्रमाणाचे असल्याचे आणि व्यायामासारख्या इतर उपायांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा नसल्याचे नोंदवले. ज्याला रोज धावून बरे वाटते त्याने धावणे सोडून डोळे मिटून बसावे, असे मी म्हणणार नाही.

शिवाय काही त्रास श्वासाकडे लक्ष देऊन सुटत नाहीत आणि सुटू नयेत. शिष्यवृत्ती महिनोन्महिने थकली असेल, मार्गदर्शक अपमान करत असतील, तुमच्या कामावरून तुमचेच नाव वगळले जात असेल, तर तिथे तक्रार आणि सामूहिक आवाज हवा. सहन करण्याचे बळ वाढवण्यासाठी सजगता वापरली जात असेल तर ती विद्यार्थ्यावर केलेली सक्तीच ठरते. माझ्या बाबतीत सरावाने उलट घडवले. अंगावर घेतलेल्या इतरांच्या कामांपैकी किती कामे मी केवळ नकार देण्याच्या भीतीने करत होते ते दिसले, आणि त्यांतली दोन मी परत केली.

सुरुवात करणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. पूर्वीच्या आघाताच्या आठवणी असतील किंवा डोळे मिटल्यावर घाबरेपणा वाढत असेल, तर डोळे उघडे ठेवून, आवाजांकडे किंवा तळपायांकडे लक्ष द्यावे, आणि तरीही त्रास होत राहिला तर सराव थांबवून समुपदेशकांशी बोलावे. जगणे नकोसे वाटत असेल तेव्हा सराव करत बसू नये. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगावे आणि मनोविकारतज्ज्ञांकडे जावे.

एकट्याने सराव टिकवणे मला कधीच सोपे गेले नाही. म्हणून आमच्या प्रयोगशाळेतले पाच जण सकाळी नऊ वाजता दहा मिनिटे एकत्र बसू लागलो. बसून झाले की प्रत्येकाने आज कोणती फाइल उघडायला नको वाटते आहे ते एका वाक्यात सांगायचे, असा नियम आम्ही तिसऱ्या आठवड्यात ठरवला. माझा प्रबंध आता सादर झाला आहे. दुसरे प्रकरण त्यात सर्वांत लांब आहे. नऊची बैठक अजून चालू आहे आणि या वर्षी तिच्यात पहिल्या वर्षाचे दोन विद्यार्थी आले आहेत.